पियानो रोलमधल्या नोट्स: एफएल स्टुडिओत केरव्याचा ठेका आणि भुपातली चाल बांधताना

संगीत बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये नोट्स लिहायची खिडकी म्हणजे पियानो रोल. तो उघडला की डाव्या कडेला पेटीसारख्या उभ्या पट्ट्या दिसतात आणि उजवीकडे चौकटींची जाळी. त्या जाळीत रंगीत आडवे ठोकळे काढायचे, एवढं पहिल्या पाच मिनिटांत कुणालाही जमतं. तरीही तयार झालेलं संगीत मोबाइलच्या जुन्या रिंगटोनसारखं वाजतं. ठोकळा कोणत्या ओळीत बसला एवढंच आपण बघतो, म्हणून असं होतं. प्रत्येक ठोकळ्यात चार गोष्टी असतात: सूर, सुरू होण्याची जागा, लांबी आणि व्हेलॉसिटी, म्हणजे आघाताचा जोर. या चारही एकदम दुरुस्त करायला गेलात तर काय बदललं आणि काय बिघडलं याचा पत्ता लागत नाही. आधी सूर, मग जागा, मग लांबी आणि शेवटी जोर, असा क्रम धरला की काम निम्म्यावर येतं.

इथे एफएल स्टुडिओ घेतलं आहे. १९९७ साली फ्रूटीलूप्स या नावाने बेल्जियममध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर आपल्याकडे रिमिक्स करणाऱ्या मुलांच्या संगणकावर हमखास असतं. त्याची सर्वांत लहान, ‘फ्रूटी’ आवृत्ती घेतली तरी पियानो रोल मिळतो. चाचणीची आवृत्ती फुकट आहे, पण तिच्यात एक मेख आहे: प्रोजेक्ट सेव्ह होतो, मात्र परवाना घेईपर्यंत तो पुन्हा नीट उघडता येत नाही. त्यामुळे चाचणीच्या आवृत्तीत जे करायचं ते एका बैठकीत पूर्ण करून ऑडिओ फाइल काढून घ्या. अजिबात खर्च नको असेल तर एलएमएमएस हे मोफत सॉफ्टवेअर आहे. डाव्या क्लिकने नोट आणि उजव्या क्लिकने खोड ही पद्धत तिथेही तशीच आहे, फक्त शॉर्टकट वेगळे.

सरावाला दोन छोट्या गोष्टी बांधू. आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन, आणि त्यावर भूप रागातली सोळा मात्रांची एक ओळ.

जाळी आखून घ्या

एफ१० दाबा. सेटिंग्जच्या खिडकीत प्रोजेक्टचा टॅब आहे. तिथे टाइमबेस नावाचा आकडा दिसेल, बहुधा ९६. एका बीटचे सॉफ्टवेअर किती बारीक तुकडे करतं, तो हा आकडा. त्या तुकड्याला टिक म्हणतात. वेग ९० (मिनिटाला ९० बीट) ठेवला तर एक बीट सुमारे ६६७ मिलिसेकंदांची होते आणि एक टिक साधारण ७ मिलिसेकंदांची. याहून बारीक सरकवासरकवी ९६ मध्ये करता येत नाही. हातातला जिवंतपणा पकडायचा असेल तर १९२ किंवा ३८४ निवडा, पण नोट्स लिहायच्या आधी. पुढचे सगळे आकडे ९६ धरून दिले आहेत. १९२ केलंत तर दुप्पट करा, ३८४ केलंत तर चौपट.

(९६ ला ३ ने भाग जातो, म्हणून बीटचे तीन समान भाग बिनचूक पडतात: ३२-३२-३२. पाचने मात्र भाग जात नाही. बीटमध्ये पाच समान आघात हवे असतील तर १२० किंवा ९६० घ्या, नाहीतर एखादी नोट कायम किंचित पुढेमागे राहील आणि कारण सापडणार नाही.)

वेग ९०, ताल-मान ४/४. केरव्याची एक मात्रा म्हणजे अर्धी बीट धरू. म्हणजे आठ मात्रांचं आवर्तन एका बारमध्ये, चार बीटच्या घरात, चोख बसतं. एक बीट म्हणजे चार स्टेप, एक मात्रा म्हणजे दोन स्टेप, म्हणजेच ४८ टिक. हे गणित कागदावर लिहून शेजारी ठेवा, पुढे सारखं लागेल. दादरा करायचा असेल तर मान ३/४ करा. मात्रा अर्ध्या बीटचीच ठेवली की सहा मात्रा एका बारमध्ये बसतात.

आता चॅनेल रॅकमधल्या, म्हणजे वाद्यांच्या यादीतल्या, वाद्यावर उजवं क्लिक करून पियानो रोल उघडा. एफ७ नेही उघडतो, पण त्या वेळी जे चॅनेल निवडलेलं असेल त्याचाच उघडतो. ठेका तबल्याऐवजी बासरीच्या चॅनेलमध्ये लिहून बसणं ही नवख्यांची ठरलेली चूक आहे. खिडकीच्या वरच्या पट्टीवर चॅनेलचं नाव असतं. पहिली नोट टाकण्याआधी ते वाचा.

चुंबकाचं चिन्ह म्हणजे स्नॅप. नोट कुठल्या रेघांना चिकटेल ते तिथे ठरतं. आपल्या कामाला अर्धी बीट निवडा. मग टाकलेली नोट आपोआप मात्रेवरच बसेल.

हत्यारं आणि माउस

पी म्हणजे पेन्सिल, बी म्हणजे ब्रश, ई म्हणजे निवड, सी म्हणजे कापणी, टी म्हणजे म्यूट. पेन्सिलने एक क्लिक, एक नोट. ब्रश धरून ओढलं की नोट्सची रांगच उमटते. हायहॅटसारख्या एकसुरी ठेक्याला ब्रश चांगला, चालीसाठी नको. ही अक्षरं दाबल्यावर हत्यार न बदलता वाद्यच वाजायला लागलं, तर संगणकाच्या कीबोर्डवरून सूर वाजवण्याची सोय चालू आहे असं समजा. कंट्रोल + टी ने ती बंद करा.

डावं क्लिक नोट टाकतं, उजवं क्लिक खोडतं. उजवं बटण दाबून ओढलं तर वाटेत येईल ते सगळं पुसलं जातं, तेव्हा हात हलका ठेवा. नोटच्या मध्यावर धरून ओढली तर ती सरकते, उजव्या कडेला धरून ओढली तर लांबी बदलते. ओढताना ऑल्ट दाबून ठेवलं तर तेवढ्यापुरता स्नॅप सुटतो.

कंट्रोल दाबून ओढलं की चौकोनात येतील त्या नोट्स निवडल्या जातात. आधीच्या निवडीत भर घालायची असेल तर कंट्रोल + शिफ्ट. सगळ्या निवडायला कंट्रोल + ए, निवड सोडायला कंट्रोल + डी. निवडलेल्या नोट्स शिफ्ट दाबून ओढल्या तर मूळ जागच्या जागी राहतात आणि प्रत पुढे जाते. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: काहीच निवडलेलं नसेल तर क्वांटाइझसारखी (नोट्स जाळीच्या रेघांना चिकटवणारी) साधनं त्या चॅनेलमधल्या सगळ्याच नोट्सवर चालतात. दोन नोट्स सुधारायला गेलेला माणूस अख्खी चाल बदलून बसतो तो यामुळेच.

चूक झाली तर कंट्रोल + झेड. पण जुन्या आवृत्त्यांत, १२ किंवा २० मध्ये, तेच दुसऱ्यांदा दाबलं की मागे न जाता केलेला बदल परत येतो. तिथे एकेक पायरी मागे जायला कंट्रोल + ऑल्ट + झेड लागतं. शिवाय दर थोड्या वेळाने कंट्रोल + एन दाबा. नाव बदलून नवी प्रत सेव्ह होते आणि आधीची सुरक्षित राहते.

केरवा: दहा नोट्स, चार आवाज

केरव्याचे बोल: धा गे ना ति, न क धि ना. आठ बोल आहेत म्हणून आठ सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित आवाजांचे तुकडे, शोधत बसू नका. धा म्हणजे डग्ग्यावरचा गे आणि तबल्यावरचा ना एकत्र. धि म्हणजे गे आणि ति एकत्र. म्हणजे गे, ना, ति आणि क एवढे चार आवाज पुरतात. हे सुटे ठेवण्याचा फायदा पुढे कळेल: धाचा डग्गा थोडा खाली, तबला थोडा वर, असा तोल हवा तसा करता येतो. धाचं एकच सॅम्पल घेतलंत तर तो तोल कायमचा गोठलेला असतो.

चारही आवाज एफपीसी या एफएलमधल्या तालवाद्याच्या चार पॅडवर टाका. प्रत्येक पॅडला कुठली पट्टी लागू आहे ते त्याच खिडकीत दिसतं आणि बदलताही येतं. चारही शेजारशेजारच्या पट्ट्यांवर ठेवा म्हणजे पियानो रोलमध्ये एका नजरेत दिसतील. मग अशा नोट्स टाका:

१. पहिली मात्रा: गे आणि ना, एकाखाली एक.
२. दुसरी: गे.
३. तिसरी: ना.
४. चौथी: ति.
५. पाचवी: ना (बोलातला न).
६. सहावी: क.
७. सातवी: गे आणि ति.
८. आठवी: ना.

एकूण दहा नोट्स. स्पेसबार दाबा. वाजवताना प्लेबॅक ‘पॅटर्न’वर आहे ना ते पाहा. ‘साँग’वर असेल आणि प्लेलिस्ट, म्हणजे पॅटर्न मांडून अख्खं गाणं रचायची खिडकी, रिकामी असेल तर शांतता ऐकू येईल. एल दाबून बदलता येतं.

इथे लांबीची चिंता करू नका. एकदा आघात करून विरणाऱ्या सॅम्पलला नोट किती लांब आहे याने सहसा फरक पडत नाही. गेची घुमार मध्येच तुटत असेल तर लांबी वाढवून पाहा, किंवा त्या पॅडच्या सेटिंगमध्ये आवाज कापण्याची काही सोय चालू आहे का ते बघा.

ऐकून पाहा. ताल बरोबर आहे, पण शिंप्याच्या मशीनसारखा. कारण दहाही नोट्स एकाच जोराच्या आहेत. एफएल स्टुडिओ नव्या नोटला १२७ पैकी १०० एवढा जोर देतं, म्हणजे ७८ टक्के. पियानो रोलच्या तळाला उभ्या दांड्यांची पट्टी आहे, ती याच जोराची. दांडी वर-खाली ओढा:

धा ९० टक्के, गे ६०, ना ७२, ति ५८, न ६५, क ५०, धि ८२, शेवटचा ना ६८.

हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. सम ठसठशीत, धि त्याखालोखाल, आणि क जवळजवळ पुटपुटल्यासारखा, एवढं नातं टिकलं की आकडे तुमच्या सॅम्पलप्रमाणे बदला.

एकाखाली एक असलेल्या नोट्सच्या दांड्या एकमेकींवर बसतात. त्यामुळे धाची दांडी हलवली की गे आणि ना दोन्ही बदलतात. फक्त डग्गा हलका करायचा असेल तर आधी ती एक नोट निवडा, मग दांडी ओढा. निवड असताना बदल तेवढ्याच नोटला लागतो. हळूहळू चढत जाणारा जोर हवा असेल, उदाहरणार्थ तिहाईच्या आधी, तर त्या पट्टीत उजवं बटण दाबून तिरपी रेघ ओढा. सगळ्या दांड्या त्या रेघेवर येतात.

मग जागा. स्नॅप ‘नन’ (काहीच नाही) करा, किंवा ऑल्ट दाबून ओढा. चौथ्या मात्रेचा ति आणि सहाव्या मात्रेचा क प्रत्येकी एक-दोन टिक उशिरा न्या, म्हणजे ७ ते १४ मिलिसेकंद. सम आणि सातवी मात्रा जागची हलवू नका. बरेच जण सगळ्या नोट्स रँडम करण्याचं साधन वापरतात. तबलजी काही नेम न धरता मागेपुढे वाजवत नसतो. त्याचा क दर आवर्तनात साधारण तितकाच उशिरा येतो, आणि त्या सातत्यालाच आपण हात म्हणतो. रँडम वापरायचंच असेल तर फक्त जोरावर, तेही अगदी थोडं.

भुपाची ओळ

आता चाल. सूर असे, दर मात्रेला एक (ध़ म्हणजे खालच्या सप्तकातला ध, आणि – म्हणजे आधीचाच सूर लांबवायचा):

ग रे सा ध़ | सा रे ग – | प ग ध प | ग रे सा –

सोळा मात्रा, म्हणजे दोन बार. नव्या चॅनेलवर एखादं वाद्य घ्या. थ्री एक्स ऑस्क हे साधं, एफएलचंच वाद्य सरावाला बरं, कारण पुढे मिंड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, त्यावर काढायची आहे. पॅटर्न मात्र ठेक्याचाच ठेवा. ठेक्याच्या नोट्स आधी एका बारमधून दोन बारपर्यंत न्याव्या लागतील. त्यासाठी वरच्या बारच्या पट्टीवर कंट्रोल दाबून पहिला पूर्ण बार निवडा आणि कंट्रोल + बी दाबा. नुसत्या नोट्स निवडण्यापेक्षा बार निवडणं बरं, कारण ओळीच्या शेवटी विश्रांती असेल तर तीही मोजली जाते आणि प्रत नेमक्या समेवर पडते.

पट्टी कोणती? आधी पांढरी एकमध्ये लिहा, म्हणजे सा हा सी. मग भुपाचे पाचही सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात: सी, डी, ई, जी, ए. सापासून मोजलं तर अर्ध्या सुरांची अंतरं शून्य, दोन, चार, सात, नऊ. एफएल स्टुडिओ मधल्या सप्तकातल्या सीला सी५ म्हणतं, तर बऱ्याच इतर सॉफ्टवेअरमध्ये त्याच पट्टीला सी४ किंवा सी३ म्हणतात. कुणाची नोंद वाचून लिहीत असाल तर चाल सप्तकभर वर-खाली का गेली याचं कारण बहुधा हेच असतं.

चाल पूर्ण झाल्यावर गायकाच्या पट्टीत न्या. कंट्रोल + ए, मग शिफ्ट + वरचा बाण, प्रत्येक दाबाला अर्धा सूर. काळी एकसाठी एकदा, काळी दोनसाठी तीनदा, काळी चारसाठी आठदा. किंवा चारदा खाली, जे गळ्याला सोयीचं असेल ते. अख्खं सप्तक बदलायला कंट्रोल + वर किंवा खालचा बाण. हे करताना पियानो रोल चालीचाच उघडा आहे याची खात्री करा. ठेक्याचं चॅनेल उघडं असेल आणि तुम्ही एक अर्धा सूर वर नेलंत, तर तबला काळी एकला लागत नाही. गेच्या जागी भलताच पॅड वाजायला लागतो. तबल्याचा सूर बदलायचा तो सॅम्पलच्या पिचमधून, आणि तोही बहुतेक वेळा ना आणि ति यांचाच.

दोन्ही चॅनेल एकाच पॅटर्नमध्ये असल्याने ऑल्ट + व्ही दाबलं की चालीच्या मागे ठेक्याच्या नोट्स फिकट दिसतात. त्या नुसत्या बघायच्या, इथून हलत नाहीत. समेवर ग आला आहे का हे कानाआधी डोळ्यांना कळतं.

लांबीत सगळं गाणं आहे

नव्या नोटची लांबी कुठून येते? तुम्ही शेवटच्या ज्या नोटवर क्लिक केलं तिची. लांबीच नव्हे, जोर, पॅन (आवाज डावीकडे की उजवीकडे) आणि रंगही तिथूनच उचलले जातात. म्हणून एखादी लांब नोट चुकून हातात आली की पुढच्या सगळ्या लांबच उमटतात आणि माणूस सॉफ्टवेअरला दोष देतो. उपाय सोपा आहे. हवी तशी एखादी नोट जाळीत शोधा, तिच्यावर एकदा क्लिक करा आणि पुढे लिहा.

आपल्या ओळीत बारा सूर एका मात्रेचे आहेत आणि दोन दोन मात्रांचे आहेत: सातव्या मात्रेवरचा ग आणि शेवटचा सा. सगळे पूर्ण लांबीचे, एकमेकांना चिकटलेले ठेवले तर पेटी अखंड भात्याने वाजवल्यासारखं वाटतं. ते हवं असेल तर ठीक. कंट्रोल + एल दाबलं की प्रत्येक नोट पुढच्या नोटपर्यंत आपोआप लांबते. सतार किंवा संतूर असेल तर लांबीने फारसं बिघडत नाही, तार आपली विरत जाते. बासरीला मात्र श्वास लागतो. सातव्या मात्रेवरचा ग पूर्ण दोन मात्रा, ९६ टिक, न ठेवता ८० च्या आसपास तोडा. त्या १६ टिकांच्या, म्हणजे जवळपास ११० मिलिसेकंदांच्या जागेत ऐकणाऱ्याला दम घेतल्याचा भास होतो.

एकच सूर लागोपाठ दोनदा आला, सासा किंवा पप, तर पहिल्याची लांबी पाव मात्रेने, म्हणजे १२ टिकांनी, कमी करावी लागते, निदान ६ टिकांनी तरी. चिकटवून ठेवलं तर भरीव आवाजाच्या वाद्यात दोन्हींचा मिळून एकच लांब सूर ऐकू येतो. एकमेकींवर चढल्या तर आणखी वाईट. मिडी संदेशांत, म्हणजे वाद्याला जाणाऱ्या सुरांच्या सूचनांत, ‘हा सूर थांबव’ एवढंच सांगितलेलं असतं, पहिला की दुसरा ते नसतं. पहिल्या नोटचा थांबा आला की बरीच वाद्यं दुसरीलाच गप्प करतात. मधेच सूर गायब होतोय अशी शंका आली की त्या सुराच्या ओळीत दोन ठोकळे एकमेकांवर बसले आहेत का ते पाहा. अगदी तंतोतंत एकावर एक असतील तर डोळ्यांना एकच दिसतो, फक्त आवाज मोठा आणि जरा पोकळ येतो. वरची नोट बाजूला सरकवून बघा, खाली दुसरी असली तर उघडी पडेल.

कणस्वर लिहायचा असेल तर मुख्य सुराच्या आधी ८ ते १० टिकांची छोटी नोट, जोर ४० ते ५० टक्के. मात्रेवर मुख्य सूरच बसला पाहिजे, कण त्याच्या आधी. उलट केलंत तर मुख्य सूर उशिरा आल्यासारखा वाटतो.

मिंड

नवव्या मात्रेच्या प वरून दहाव्या मात्रेच्या ग वर मिंडेने उतरू. पियानो रोलच्या वरच्या पट्टीत त्रिकोणी चिन्ह आहे, ते स्लाइड नोटचं. दहाव्या मात्रेवरची साधी ग खोडा. प दोन मात्रांची करा, ९६ टिक. आता त्रिकोण चालू करून ग च्या ओळीत २४ टिकांची, म्हणजे अर्ध्या मात्रेची, स्लाइड नोट टाका. ती नवव्या मात्रेच्या मध्यावर सुरू होऊन दहाव्या मात्रेवर संपली पाहिजे. त्यासाठी स्नॅप तात्पुरता ‘स्टेप’वर आणा.

स्लाइड नोट स्वतः वाजत नाही. ती चालू असलेल्या सुराला ओढत आपल्या उंचीवर आणते, आणि ओढायला लागणारा वेळ म्हणजे तिची लांबी. म्हणून ग दहाव्या मात्रेवर पोहोचायला हवा असेल तर स्लाइड तिथे संपायला हवी. नवखे ती दहाव्या मात्रेवर सुरू करतात, आणि मग चाल सतत मागे पडल्यासारखी वाटते. मिंड काढून झाल्यावर त्रिकोण बंद करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या सगळ्या नोट्स मुक्या.

स्लाइड काहीच करत नसेल तर तीन कारणं तपासा. पहिलं, खालची प त्या वेळी अजून चालू आहे का. दुसरं, दोन्हींचा रंग एकच आहे का. स्लाइड फक्त आपल्याच रंगाच्या नोट्सना ओढते. तिसरं, वाद्य एफएलचं स्वतःचं आहे का. बाहेरून आणलेल्या व्हीएसटी वाद्यांवर या स्लाइड नोट्स चालत नाहीत. तिथे पिच बेंडचा आलेख काढावा लागतो, आणि वाद्यातली बेंडची मर्यादा आधी बघावी लागते. ती बऱ्याचदा दोनच अर्ध्या सुरांची असते, प ते ग हे अंतर तीनचं आहे. मर्यादा वाढवल्याशिवाय मिंड ग पर्यंत पोहोचणारच नाही.

हाताने वाजवलेलं सुधारताना

मिडी कीबोर्ड असेल तर वरच्या नोट्स वाजवूनही भरता येतात. रेकॉर्ड करताना मुख्य पट्टीतला स्नॅप ‘नन’ ठेवा, म्हणजे जसं वाजवलं तसंच उतरेल. सुधारणा नंतर तुमच्या हातात असते. रेकॉर्डचं बटण दाबायचं राहिलं आणि नेमकं तेव्हाच छान वाजलं, तर टूल्स मेनूत स्कोअर लॉग पॅटर्नमध्ये उतरवण्याची सोय आहे. गेल्या काही मिनिटांत वाजवलेलं तिथून परत मिळतं. रिकामा पॅटर्न निवडून मगच वापरा.

आता क्वांटाइझ. कंट्रोल + क्यू म्हणजे झटपट सगळं जाळीला चिकटवणं. ते टाळा. शिफ्ट + क्यू फक्त सुरुवातीच्या जागा दुरुस्त करतं आणि लांबीला हात लावत नाही, ते त्यातल्या त्यात बरं. पण खरं कामाचं आहे ऑल्ट + क्यू. तिथे सुरुवातीच्या जागेची दुरुस्ती किती टक्के करायची ते ठरवता येतं. ५० ते ६० टक्क्यांवर ठेवा. ३० मिलिसेकंद चुकलेली नोट १२ ते १५ वर येते, चूक झाकली जाते आणि हात शिल्लक राहतो. त्याआधी स्नॅप योग्य आहे ना ते पाहा. जाळी अर्ध्या बीटची असताना दुगुणातला तुकडा क्वांटाइझ केला, तर मधल्या नोट्स शेजारच्या मात्रांवर जाऊन आदळतात आणि दोन सूर एकत्र वाजतात. जाळीच्या अर्ध्या घराहून जास्त चुकलेली नोट क्वांटाइझने सुधारत नाही, चुकीच्या रेघेला चिकटते. ती हातानेच उचलून ठेवावी.

पेटीचा वेगळा न्याय

पेटीच्या सॅम्पलवर व्हेलॉसिटी वर-खाली करून काहीच बदललं नाही तर वैतागू नका. खऱ्या पेटीतही पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही, भाता वाढवतो. तेव्हा चॅनेलच्या आवाजाचा आलेख काढा: ओळीच्या सुरुवातीला जरा कमी, प आणि ध वर भरलेला, शेवटच्या सा वर उतरता. बाजाच्या सुरांबद्दलही एक खोच आहे. शुद्ध गंधार पेटीच्या समान अंतरांच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) खाली असतो. एफएलच्या स्वतःच्या वाद्यात नोटवर डबल क्लिक करून फाइन पिच कमी करता येतं. तंबोऱ्यावर लावून ऐकलंत तर फरक ऐकू येईल. नुसत्या कॉर्डच्या गाण्यात तेवढी उठाठेव नको.

अडलं तर

पॅटर्न दोन बारचा असायला हवा आणि तीन बारचा होऊन बसला, शेवटी एक रिकामा बार वाजतो: शेवटची नोट रेघ ओलांडून एखादा टिक पुढे गेली आहे. झूम करून तिची शेपटी छाटा.

अंतऱ्यात एक सूर बदलला आणि मुखड्यातही बदलला: दोन्हीकडे एकच पॅटर्न आहे. प्लेलिस्टमधल्या त्या तुकड्याच्या मेनूतून ‘मेक युनिक’ निवडा, मग बदल करा.

सूर अडकून भोंग्यासारखा वाजत राहिला: कंट्रोल + एच.

चाल दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची आहे: एक्स्पोर्टमधून मिडी फाइल निघते. त्याआधी टूल्समधल्या मॅक्रोंपैकी मिडी एक्स्पोर्टची तयारी करणारा मॅक्रो चालवावा लागतो, आणि तो चॅनेलमधली वाद्यं काढून टाकतो. म्हणून आधी कंट्रोल + एन, नव्या प्रतीवर मॅक्रो, फाइल काढून झाली की ती प्रत सेव्ह न करता बंद. एफएलच्या स्लाइड नोट्स समोरच्याकडे मिंड म्हणून पोहोचतील हे धरून चालू नका. त्या जागा कागदावर लिहून द्या, किंवा मिंडेचा तुकडा ऑडिओ करून सोबत पाठवा.